माझ्या पेशी, तिचे सीरम

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मी मायक्रोस्कोपखाली ट्रे ठेवला. ट्रेच्या खाचांत पेशी होत्या. त्या मेल्या होत्या. पेशी माझ्या होत्या. ज्या सीरमने त्या मारल्या, ते माझ्या पत्नीचे होते.

त्याला आता नऊ वर्षे झाली. सुलभाला जाऊन पावणेतीन वर्षे झाली आणि मला निवृत्त होऊन दीड. या अंकासाठी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ असे पत्र आले तेव्हा यंत्रे कशी बदलत गेली, पूर्वी चार दिवस लागणारी तपासणी आता दुपारपर्यंत कशी होते, असे काहीतरी लिहावे म्हणून मी टाचणे काढली होती. पण लिहायला बसलो की दर वेळी हा मंगळवार पुढे येऊन उभा राहतो. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात केली.

चिंचवडच्या एका प्रयोगशाळेत मी तीस वर्षे काम केले. घरी आलेल्या पाहुण्यांना ते काम कधी नीट कळले नाही. रक्त-लघवी तपासणारा माणूस, एवढे समजून ते मला आपापल्या साखरेचे रिपोर्ट दाखवत. आमचा विभाग वेगळा होता. एकाची किडनी किंवा बोन मॅरो दुसऱ्याला द्यायचे असेल, तर ते त्या दुसऱ्या शरीराला चालेल का, हे आधी दोघांच्या रक्तावरून पाहावे लागते. ते आम्ही पाहत असू. जुळणी सहा खुणांवर मोजायची. त्यामुळे नातेवाईक हमखास विचारायचे, “गुण किती जुळले, साहेब?”

“सहापैकी तीन.”

“छत्तीस नाहीत का? बरंय, आमच्या गुरुजींपेक्षा तुमचं लवकर आटपतं.”

एकदा बीडकडचे दोन भाऊ आले. जुळे. भोसरीत एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. चेहरे सारखे नव्हते, पण चालणे, खोकणे, खिशात हात घालून उभे राहणे अगदी एक. धाकट्याची किडनी गेली होती. थोरला म्हणाला, “आमी जुळे हाव, सायब. उगं कशाला तपासायलेत? काढा अन् बसवा.” तपासले, तर सहापैकी एकही खूण जुळेना. मी जुन्या सवयीने सांगितले की सख्ख्या भावंडांत असे होऊ शकते. चारात एकदा सगळे जुळते, चारात एकदा काहीच नाही. थोरला कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हंजे आईच्या पोटात भाडेकरू होतो का काय आमी?” धाकटा इतका हसला की त्याला खोकला लागला. शेवटी परभणीला दिलेली बहीण आली, तिच्या तीन खुणा जुळल्या आणि तिने किडनी दिली. तिचा रिपोर्ट मी स्वतः टाइप केला. त्या दिवशी जेवण चांगले गेले होते, एवढे आठवते.

या खुणा म्हणजे काय, हे मी रोग्यांना फार छान समजावतो अशी माझी ख्याती होती. ते समजावणे माझे नव्हते. आजवर हे कुणाला सांगितले नाही.

ते माझ्या मेहुण्याचे होते. बबन, सुलभाचा धाकटा भाऊ. चाकणजवळच्या गावात त्यांचे घर. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्टर. एका रविवारी तो आमच्या कासारवाडीच्या घरी जेवायला आला होता. जेवण झाल्यावर म्हणाला, “दाजी, तुमी नक्की करता काय, ते एकदा सांगा बरं.” मी सांगितले. टी पेशी, प्रतिजन, एमएचसी नावाची प्रथिने, असे अर्धा तास. त्याने बडीशेप चावत ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हंजे आमच्यासारखंच की.”

“कसं काय?” सुलभाने विचारले.

“अगं, मी लायनीवर फिरतो. मशीन उघडून बघतो का मी? न्हाई. दर तासाला आपरेटर एक पीस काढून मशीनपुढच्या ट्रेत ठिवतो. म्या येतो, ट्रेतला पीस बघतो. नीट आसंल तर पुढं. वाकडा आसंल तर मशीन बंद. दाजीच्या पेशी बी तेच करत्यात. आत काय चाललंय, त्याचा एक तुकडा भायेर ट्रेत ठिवत्यात. त्यांचा इन्स्पेक्टर येतो, बघून जातो.”

हे तंतोतंत खरे आहे. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या खोबणीत धरून ते बाहेर दाखवते. ते प्रथिन म्हणजे एमएचसी, बबनचा ट्रे. टी पेशी, म्हणजे त्याचे इन्स्पेक्टर, फिरत येतात, ट्रे आणि तुकडा दोन्ही एकदम पाहतात. तुकडा नेहमीचा असेल तर पुढे जातात. विषाणूचा असेल तर त्या पेशीला मारून टाकतात, कारण आत विषाणूचा कारखाना सुरू झालेला असतो.

मी त्याला अडवायला म्हणालो, “पण काही पेशी स्वतःचा माल दाखवत नाहीत. बाहेर सापडलेली वस्तू गिळतात, तुकडे करतात आणि मानेतल्या-काखेतल्या गाठींपर्यंत वाहून नेऊन दाखवतात.”

“मॉर्निंग मीटिंग,” बबन म्हणाला. “लायनीवर कायतरी इपरीत घावलं, की त्यो पीस उचलायचा आन मीटिंगच्या टेबलावर ठिवायचा. मग मोठे सायेब ठरवत्यात, कुनाकुनाला कामाला लावायचं ते.”

सुलभा टाळी देऊन हसली. “बघा! इतक्या वर्षांत मला जे कळलं नव्हतं, ते ह्यानं दोन मिनिटांत सांगितलं.”

सुलभा महापालिकेच्या शाळेत शिकवायची. माझ्याशी ती नेहमी नीटस, वर्गात बोलावे तसे बोलायची. बबन आला की तिची भाषा बदले. “आरं व्हय की”, “न्हाई रं”. ते हसणेही मला एरवी ऐकायला मिळत नसे. मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचो आणि त्या दोघांचे बोलणे ऐकत एकाच पानावर बसून राहायचो. सोमवारी प्रयोगशाळेत एका रोग्याच्या मुलाला मी लाइन, ट्रे आणि इन्स्पेक्टर सांगितला. त्याला लगेच कळले. पुढे मी ते हजारदा सांगितले. बबनचे नाव एकदाही घेतले नाही.

त्यात मी एकच भर घातली. हे ट्रे प्रत्येक माणसाचे वेगळे असतात; आम्ही जुळवतो त्या खुणा म्हणजे हेच ट्रे. एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. टी पेशी लहानपणीच छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत शिकून तयार होतात. ज्यांना आपले ट्रे वाचता येत नाहीत त्या तिथेच काढून टाकल्या जातात आणि ज्या आपल्याच मालावर तुटून पडतात त्याही. उरतात त्या आयुष्यभर आपल्या घरचे ट्रे ओळखतात. परक्याची किडनी आली की तिच्यावरचे ट्रेच वेगळे दिसतात, आणि मग आतला माल कितीही चांगला असला तरी कुणी ऐकून घेत नाही.

सुलभाच्या किडन्या रक्तदाबाने हळूहळू गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे डायलिसिस सुरू झाले. आमची मुलगी केतकी तेव्हा कॉलेजात होती. “मी देते” म्हणाली, तर सुलभाने तिला वाक्यही पुरे करू दिले नाही. मी मात्र निर्धास्त होतो. आमचा रक्तगट एक. खुणा नवरा-बायकोच्या सहसा जुळत नाहीत, आमचीही एकच जुळत होती, पण आताच्या औषधांवर तेवढ्यात भागते. फक्त क्रॉसमॅच स्वच्छ यायला हवा. तिला जे लागते ते माझ्याकडे आहे आणि मीच देणार, हे मी मनाशी इतके पक्के केले होते की सुट्टीचा अर्जही लिहून ठेवला होता.

क्रॉसमॅच म्हणजे लग्नाआधीची भेट समजा. दात्याच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. प्लास्टिकच्या छोट्या ट्रेमध्ये मुंगी बुडेल एवढ्या खाचा असतात, त्यांत तेलाच्या थराखाली एकेक थेंब सोडायचा. त्यावर रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्तातला पिवळसर पाण्यासारखा भाग. त्यात या दात्याच्या पेशींवरच्या ट्रेविरुद्ध आधीच बनलेल्या अँटिबॉडी असतील, तर त्या पेशींना चिकटतात. मग सशाच्या रक्तातून काढलेले एक द्रव्य घालायचे. ते चिकटलेल्या पेशींना भोके पाडते. शेवटी रंग. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या नारिंगी. किती मेल्या त्याचा आकडा लिहायचा. एक म्हणजे काही नाही. आठ म्हणजे जवळजवळ सगळ्या.

घरच्या माणसाचे नमुने दुसऱ्याने तपासावेत, असा आमच्याकडे दंडक होता. माझी सहकारी रेवती ते करणार होती. मंगळवारी ती येण्याआधी मी आलो आणि मीच ट्रे लावला.

“कुणाचा आहे, सर?” मागून तिचा आवाज आला.

“बघ.”

ती वाकली. सगळ्या खाचा तिने सावकाश पाहिल्या. “आठ. सगळीकडे आठ. हा दाता गेला, सर.” मग तिने ट्रेवरचा नंबर रजिस्टरशी ताडला आणि तिचे बोट तिथेच थांबले.

“सर, हा तर...”

“हो.”

“डीटीटी लावून बघू या,” ती म्हणाली. काही अँटिबॉडी निरुपद्रवी असतात. त्या डीटीटी या रसायनाने मोडतात आणि खोटा आठ खाली येतो. आम्ही दुपारी ते लावले. तोवर मी जेवलो नाही. पुन्हा आठ.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सुलभा डायलिसिसहून येऊन पडली होती. डोळे न उघडता तिने विचारले, “किती?”

“आठ.”

मी आयुष्यभर घरी येऊन आकड्यांत बोलायचो, त्यामुळे तिला ती मोजणी ठाऊक होती. “दहापैकी असते तर पहिला वर्ग,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, “कशामुळे पण?”

मला कारण माहीत होते. कितीतरी बायकांना मी ते समजावले होते. पोटातल्या मुलाच्या पेशींवर निम्मे ट्रे बापाचे असतात. त्यातल्या थोड्या आईच्या रक्तात येतात. तिचे शरीर ते परके ट्रे पाहते आणि काही बायकांत त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनतात. मुलाला त्याचा त्रास होत नाही. आईलाही कळत नाही. पण ती आठवण रक्तात राहते, वीस-पंचवीस वर्षेसुद्धा.

“केतकीमुळे,” मी म्हणालो. “तिच्यात निम्मा मी होतो. तो तुझ्या रक्तानं तेव्हा पाहून ठेवला.”

“आणि तिच्या आधीचं?”

केतकीच्या आधी एक राहिले होते. चौथ्या महिन्यात गेले. त्याविषयी आम्ही कधी बोलत नसू.

“त्याच्यामुळेही असेल,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात आकुर्डीच्या एक बाई नवऱ्याला किडनी देण्यासाठी आल्या होत्या. त्यांची एकही खूण नवऱ्याशी जुळत नव्हती, पण क्रॉसमॅच स्वच्छ. नवऱ्याच्या सीरममध्ये त्यांच्या पेशी पावसाळ्यातल्या गवतासारख्या हिरव्या. पुरुषाच्या पोटात मूल वाढत नाही, म्हणून त्याच्या रक्ताला बायको परकी असल्याची आठवण नसते. इतके साधे आहे. बाईंनी डब्यातून शिरा आणला. “लग्नात आमच्याकडचे म्हणत होते, जोडा शोभत नाही म्हणून. आता या म्हणावं बघायला!” सगळ्यांनी शिरा खाल्ला. मी डबा पुढे सरकवला. त्या बाईंचे वाईट व्हावे असे मला वाटले नाही, पण त्यांचे चांगले झालेले पाहवत नव्हते. हे लिहितानाही कान गरम होतात.

सुलभा दोनदा म्हणाली, “बबनला विचारायचं का?” मी दोन्ही वेळा “बघू” म्हणालो. तिसऱ्या वेळी तिने विचारलेच नाही, फोन केला. पुढच्या सोमवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर बबन तसाच कंपनीच्या गणवेशात, जाड बुटांनिशी प्रयोगशाळेत आला.

“घ्या दाजी, किती बाटल्या पायजेत? डाव्या हाताचं घ्या पर. उजव्यानं व्हर्नियर धरतो.”

“बायकोला विचारलंस का?”

“तिलाच आदी इचारलं. ती म्हनली, दोन हायेत ना, एक ताईच्या नावावर करा.”

मी त्याचा दंड बांधला, शीर शोधली आणि हिरव्या टोपणाचे दोन बल्ब, म्हणजे रक्ताच्या नळ्या, भरून घेतले. त्याने तोंड फिरवले नाही. रक्त कसे येते ते कुतूहलाने पाहत राहिला.

बुधवारी रेवतीने टायपिंगचा, म्हणजे खुणांच्या जुळणीचा, कागद माझ्या टेबलावर ठेवला. सहापैकी सहा. आईकडचा संचही तोच, बापाकडचाही तोच. क्रॉसमॅच आदल्या दिवशीच झाला होता. एकही पेशी मेली नव्हती. तीस वर्षांच्या नोकरीत अशा रिपोर्टवर सही करताना मी प्रत्येक वेळी खूश झालो होतो. असा रिपोर्ट म्हणजे आमच्याकडची दिवाळी.

मी कागद खणात टाकला आणि वहीत त्याच्यापुढे ‘रिपीट’ असे लिहिले.

‘रिपीट’ शब्दाला प्रयोगशाळेत कुणी कारण विचारत नाही. उलट असे लिहिणारा माणूस काटेकोर समजला जातो. मी स्वतःलाही तेच सांगितले: घरचे प्रकरण, खात्री हवी. बबनचे रक्त मी पुन्हा लावले. मला त्यात एक तरी खूण चुकलेली सापडावी असे वाटत होते. ते जुळायला मला नको होते. ज्या बाईसोबत मी पंचवीस वर्षे एका ताटलीत चिवडा खाल्ला, तिच्या शरीरात जाऊन राहण्याचा मान त्याचा. मी बाहेर उभा राहून फॉर्म भरणारा. सहापैकी पाच आले असते तरी मी किती सुखावलो असतो, ते सांगवत नाही. दुसऱ्यांदाही सहाच आले. तो कागदही मी खणात टाकला.

गुरुवारी डायलिसिसवर सुलभाचा रक्तदाब उतरला. घरी आल्यावर पोटऱ्यांत गोळे आले. मी खाली बसून तिच्या पोटऱ्या चोळत होतो. ती म्हणाली, “अजून किती दिवस हो हे?” मी म्हणालो, “रिपोर्टवर आहे सगळं.”

शनिवारी रेवतीने वही पाहिली. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माझ्याच हाताखाली शिकली.

“सर, रिपीट का? टायपिंग मी केलंय. स्वच्छ होतं.”

“खात्रीसाठी.”

“दुसऱ्यांदा काय आलं?”

मी खणाकडे पाहिले. तिने खण उघडला, दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेन माझ्या हातात दिले आणि मी सही करेपर्यंत उभी राहिली.

मंजुरीच्या समितीपुढे कागद आठवड्यातून एकदाच जात. त्या आठवड्याचे शुक्रवारीच गेले होते. आमचा कागद पुढच्या शुक्रवारी गेला. म्हणजे सुलभाला तीन डायलिसिस जास्त घ्यावी लागली. माझ्या कामातल्या चुका मी मोजून ठेवल्या आहेत आणि त्या फार नाहीत. ही त्यांत धरत नाही, कारण ती चूक नव्हती.

सुलभाला हे कळले. रिपोर्टवर तपासणीची तारीख एक होती आणि सहीची दुसरी. हजेरीपट तपासण्यात जिची हयात गेली, तिच्या नजरेतून ते सुटणे शक्य नव्हते. कागद फाइलला लावता लावता ती म्हणाली, “गृहपाठ उशिरा आणला की मी मुलांना कारण विचारायचे. तुम्हाला नाही विचारत.” पुढे ती त्याविषयी खरोखरच कधी बोलली नाही. तिने रागावायला हवे होते.

शस्त्रक्रिया झाली. टेबलावरच लघवी सुरू झाली, असे सर्जन बाहेर येऊन म्हणाले. पुढची सहा वर्षे चांगली गेली. ती शाळेत परत रुजू झाली, निवृत्त झाली, नातेवाइकांच्या लग्नांना गेली. सकाळी आठ आणि रात्री आठच्या गोळ्या मी काढून द्यायचो. सहाच्या सहा खुणा जुळल्या तरी इन्स्पेक्टरांना थोडे पेंगत ठेवावे लागते. त्या गोळ्यांचे ते काम. पाण्याच्या बाटल्याही मीच भरायचो. आणि रोज संध्याकाळी बबनचा फोन यायचा. “माझ्या पाहुणीला पानी पाजलं का, ताई?” ती खळखळून हसायची. बाटली मी भरलेली असायची.

मग एका हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. पेंगलेल्या इन्स्पेक्टरांना तो वेळेवर दिसला नाही. गोळ्या कमी केल्या, प्रतिजैविके बदलली. बारा दिवस. बबन रजा टाकून रुग्णालयात बसून होता. ती गेली तेव्हा आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर होतो. त्याच्या हातात त्या सकाळचा रिपोर्ट होता. किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन उत्तम होते.

“माझी चालू होती, दाजी,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत चालू होती.”

त्याला धीर हवा होता. मला मात्र त्या क्षणी त्याला हाताला धरून जिन्यापर्यंत नेऊन घालवून द्यावेसे वाटले. मी उठून कागदपत्रे करायला गेलो.

त्यानंतर तो महिनोन्‌महिने आला नाही. मीही बोलावले नाही. त्या वर्षी भाऊबिजेला दुपारी दार वाजले. केतकी आता माण या गावी नोकरी करते. ती सुट्टीला घरी होती. तिने मामाला पाणी दिले. ओवाळायला कुणी नव्हते आणि आपण कशाला आलो हे त्यालाही सांगता येत नव्हते. बराच वेळ तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसला.

“दाजी, एक इचारू का? माझी तिला चालली, कारन आमचा ट्रे एकच.”

“हो.”

“म्हंजे तिच्या इन्स्पेक्टरनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई.”

“बघितलं. आपल्याच घरचा माल म्हणून पुढे गेला.”

“आन तुमचा?”

“माझा ओळखला. केतकीच्या वेळचा. वीस वर्षांनीही.”

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “मला लई दिवस वाटायचं, तुमी माझ्यावर जळता. पर खरं सांगू का? मीच तुमच्यावर जळायचो. लगीन झालं तवापास्नं ती गावाला आली तरी ‘ह्यांनी असं वाचलंय’, ‘हे असं म्हणतात’. आय म्हनायची, पोरीचं निम्मं बोलनं जावयाचं हाय. आमच्यासंगं खिदळायची, पर इचार करताना तुमच्या भाषेत करायची. आन किडनी दिली तर ती बी अशी, की तिच्या अंगाला पत्ताच न्हाई. कुनी आलंय म्हनून.”

केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी बबनला खणातल्या कागदाविषयी सांगितले. बुधवार, गुरुवार, शनिवार, सगळे. पोटऱ्यांचेही.

त्याने मान खाली घालून ऐकले. “ताईनं सांगितलं व्हतं मला,” तो म्हणाला. “तवाच.”

“काय म्हणाली?”

“म्हनली, तुज्या दाजीला काय बोलू नको.”

तो चहा घेऊन गेला. जाताना मी त्याला सांगितले की ट्रेची गोष्ट मी रोग्यांना आपली म्हणून सांगत आलो. त्यावर मात्र तो मनापासून हसला. “मंग रॉयल्टी म्हनून दिवाळीचा डबा भरून द्या.” केतकीने भरून दिला.

गेल्या महिन्यात रेवतीचा फोन आला. विभागप्रमुख आता ती आहे.

“सर, उणे ऐंशीचा फ्रीझर भरलाय. जुनी सीरम काढतोय. सुलभामॅडमच्या सहा कुप्या आहेत.”

“नियमाप्रमाणे काढ.”

“पाच काढल्या,” ती म्हणाली. “एक ठेवू का? नवीन मुलींना शिकवायला खरा आठ दाखवावा लागतो. इतकं जोरकस सीरम सहसा मिळत नाही.” मग म्हणाली, “पण ते कुणाच्याही पेशींवर चालणार नाही, सर. तुमच्याच लागतील.”

मी बसने चिंचवडला गेलो. एका नव्या मुलीने माझा दंड बांधला आणि एक बल्ब रक्त घेतले. दुपारी रेवतीने मला मायक्रोस्कोपपाशी बसवले. सगळ्या खाचांत नारिंगी होते. आठ.

कुपीत आता दोन मिलिलिटर सीरम उरले आहे.